किंकाळी, साठ टक्के कमी

“उभा फोटो पाहिजे,” बाळगोंडाकाका म्हणाले. “डोक्यापासून पायापर्यंत. आणि हसरा. चारच्या गाडीनं मी निघणार.”

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता लग्नं जमवत होते. मांडीवर प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये जयसिंगपूर ते सांगली पट्ट्यातली सगळी लग्नाची मुलं-मुली. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, कुणाचा कुणाला पत्ता नाही.

“व्हॉट्सॲपवर पाठवतो की काका,” मी म्हणालो.

“फोनवर नको. फोनमधली पोरगी लोक दोन बोटांनी मोठी करून बघतात. बरं दिसतं काय ते?”

हे बरं दिसत नाही यावर अण्णा, आई आणि मी तिघांचंही एकमत झालं. घड्याळात सव्वा वाजला होता.

स्थळ समडोळीच्या चौगुल्यांचं होतं. मुलगा भरतेश, दूध संघात दूध तपासायच्या विभागात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी सगळे बसणार, पाच मुलींचे फोटो बघणार आणि त्यातल्या एकीलाच बघायला जाणार, असं ठरलं होतं.

“एकीलाच?” अण्णांनी विचारलं.

“पोराचं म्हणणं पडलं, पाच घरचे पोहे खायचे आणि चार घरांना नाही म्हणायचं, हे मला झेपणार नाही.”

अण्णांनी मान हलवली. तीन वर्षांत आमच्या घरी आठ वेळा पोहे झाले होते.

“मग आत्ता काढू की फोटो,” काका म्हणाले. “पोरगी घरातच हाय न्हवं?”

पोरगी घरातच होती. माझी थोरली बहीण, त्रिशला; मी तिला अक्का म्हणतो. आतल्या खोलीत गालाला बर्फ लावून बसली होती. आदल्या दिवशी तिची अक्कलदाढ काढली होती आणि उजवा गाल असा सुजला होता, की डोळाही त्याला जागा करून देण्यासाठी थोडा वर सरकला होता. तोंडात कापूस. बोलायची बंदी. आईने पडदा बाजूला केला, काकांनी एकदा आत बघितलं आणि पडदा स्वतःच्या हाताने परत ओढला.

“जुना द्या,” ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्काचे फोटो माझ्याकडे होते. चार हजारांच्या वर होते. आणि त्यातल्या एकाही फोटोत अक्का नव्हती.

हे नीट सांगावं लागेल.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि कॉम्प्युटरवर भयाण चित्रं करत होतो. भीतीचा सिनेमा बघायचा, एखाद्या ठिकाणी थांबवायचा आणि ते दृश्य आपल्या घरच्या सामानातून परत उभं करायचं. वेगवेगळ्या फोटोंतून तुकडे कापायचे आणि एकावर एक चिकटवायचे. झपाटलेल्या बंगल्याच्या जागी आमचं नगरपालिकेचं वाचनालय. विहिरीच्या जागी आमची पाण्याची सिंटेक्सची टाकी, आणि टाकीच्या झाकणातून बाहेर येणारा हात. हात अक्काचा.

आमचं घर जैन, त्यातही आई कडक. जमिनीखालचं काही घरात येत नाही. कांदा नाही, बटाटा नाही, गाजर नाही. रक्तासाठी सगळी दुनिया बीट वापरते. बीट जमिनीखाली वाढतं, म्हणून माझ्या चित्रांतलं सगळं रक्त कोकमाचं होतं. अण्णा म्हणायचे, आपण मुंगी मारत नाही आणि हा रोज घरात माणसं कापतोय. मी म्हणायचो, सूर्यास्ताच्या आधी कापतो. ते खरंही होतं. आमच्या घरात सगळंच सूर्यास्ताच्या आधी व्हायचं. माझी भुतं पाच ते सहा या वेळात तयार व्हायची, आणि मग आम्ही जेवायचो.

अक्का माझी एकुलती एक कलाकार होती. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं खरं रक्त काढायची आणि रविवारी माझ्यासाठी फरशीवर मरून पडायची. मरून पडणं दिसतं तेवढं सोपं नाही. मी सगळ्या नातेवाईकांना पाडून बघितलं होतं. कुणाच्या पापण्या थरथरतात, कुणाला हसू येतं, आणि आमचा एक मावसभाऊ तर खरंच झोपला. अक्का पडली की संपलं. आई एकदा भाजी घेऊन आली आणि पिशवी तिच्या हातातून सुटली.

प्रेत असतानाही अक्का बोलायची. ओठ न हलवता. सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी मला तिने अशाच सांगितल्या. भरतेश चौगुलेही असाच सांगितला.

“लॅबमध्ये एकजण आईला घेऊन आला होता,” ती छताकडे बघत म्हणाली होती. मी स्टुलावर उभा राहून वरून फोटो काढत होतो. “म्हातारी सुईला भ्यायली. हातच देईना. तर हा खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, आधी माझं काढा, आई बघू दे.”

“मग?”

“मग काढलं. त्याची कुठलीच तपासणी नव्हती. उगाच काढलं. ट्यूब टाकून दिली.”

“मान जरा डावीकडे.”

तिने मान डावीकडे केली. “पाच वर्षांत असा माणूस बघितला नाही मी,” ती म्हणाली. “फॉर्मवर नाव होतं.”

बाळगोंडाकाकांच्या बायकोच्या कानावर ते नाव कुणी घातलं, हे काकांना कधी कळलं नाही. ते समजत होते की स्थळ त्यांनी शोधलं. भरतेशनेही अक्काला बघितलं नव्हतंच. लॅबमध्ये ती कायम मास्क लावून. म्हणजे सगळा भार त्या एका फोटोवर होता, आणि हे घरात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकीच्या तोंडात कापूस होता.

मी कॉम्प्युटर लावला. काका, आई, अण्णा माझ्या मागे उभे राहिले.

माझी काम करायची पद्धत अशी होती: हार्डडिस्क जुनी, एकशे साठ जीबीची, कायम भरलेली. त्यामुळे फोटो घ्यायचा, त्यातला हवा तो भाग कापायचा, उरलेला फोटो पुसून टाकायचा. घरात कुणाचाही फोन भरला की तो माझ्याकडे यायचा आणि मी तो रिकामा करून द्यायचो. “सन्मती सगळे फोटो कॉम्प्युटरात ठेवतो,” असं आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. तिला वाटायचं, फोटो आहेत.

“हे काय लिहिलंय?” काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “अक्का, डोळे, पांढरे. अक्का, हात, चिखल. अक्का, मान, मागून. अक्का, केस, ओले. अरे, ही पोरगी हाय का कोंबडी?”

“पिंकीच्या लग्नातला काढ की,” आई म्हणाली. “मोरपिशी साडीतला. किती छान उभी होती.”

मी तो उघडला. मोरपिशी साडी होती. पदर, हातातल्या बांगड्या, पायातल्या चपला, सगळं होतं. मानेच्या वर काही नव्हतं. त्या महिन्यात मी बिनडोक्याच्या बाईवर काम करत होतो.

“डोकं कुठाय?” आईने विचारलं.

“ते लागलं नाही म्हणून...”

“बरं, कोल्हापूरला गेलो होतो तो?”

कोल्हापूरच्या फोटोतून मी वेणी ठेवली होती. वाढदिवसाच्या फोटोतून केक कापणारी सुरी, मनगटासकट. आईने एकामागून एक प्रसंग सांगितले आणि मी एकामागून एक अवयव दाखवले. शेवटी तिने विचारणं थांबवलं. ओळखपत्रावरचा एक फोटो शाबूत होता, पण आधीच्या दोन स्थळांना तोच दिला होता, आणि काकांच्या मते त्यात अक्का रक्त काढणारी नाही तर रक्त मागणारी वाटत होती.

“दोन तास द्या,” मी म्हणालो. “जोडतो.”

“काय जोडतोस?”

“अक्काला.”

काका घड्याळाकडे बघून म्हणाले, “बघ. गाडी थांबायची नाही.”

मोरपिशी साडीवर मान बसवली. मान मागून घेतलेली होती, ती उलटी करून पुढून केली. चेहरा ‘भिंतीतून बाहेर येणारी बाई’मधून आणला, तो करडा होता, त्याला माणसाचा रंग द्यायला पाऊण तास गेला. डावा डोळा माझ्याकडे फक्त पांढरा होता, म्हणून उजवाच आरशात फिरवून डावीकडे लावला. केस कोल्हापूरचे. तीन वाजता सगळं जमलं होतं, एक सोडून. तोंड नव्हतं.

म्हणजे होतं, पण मिटलेलं. आणि मेलेल्या माणसाचं मिटलेलं तोंड फोटोत ओळखू येतं. ते लावलं की बाकी सगळी मेहनत गार पडायची. मोरपिशी साडीतली बाई अशी बघायची की आता खांदेकरी बोलवा. मी चार हजार फाइली धुंडाळल्या. अक्का हसतेय असा एकही तुकडा नव्हता. भीतीच्या चित्रात हसऱ्या तोंडाला काम नसतं. असलंच तर ते भुताचं असतं, आणि अक्का नेहमी मरणारीच्या भूमिकेत.

उघडं तोंड एकच होतं. किंकाळीचं.

ते माझं सगळ्यात गाजलेलं चित्र. अक्काला किंकाळी कधी जमायची नाही. ती पडण्यातली माणूस; तोंड उघड म्हटलं की दंतवैद्यापुढे बसल्यासारखं उघडायची. वर्षभर मी तिच्यामागे लागलो होतो. आणि एका रविवारी, भाद्रपदात, सगळे बसदीत पूजेला गेलेले असताना तिने अचानक अशी एक किंकाळी दिली की माझ्या हातातला कॅमेरा हलला. आवाज फारसा नव्हता. पण चेहरा! मी त्याभोवती आमच्या जिन्याचा अंधार लावला, भिंतीवरून कोकम सोडलं आणि इन्स्टावर टाकलं. तोपर्यंत माझी चित्रं चाळीस लोक बघायचे. ते वीस हजारांनी बघितलं. ज्यांची लिपी मला वाचता येत नव्हती अशा लोकांनी त्याखाली हृदयं टाकली.

आता ती किंकाळी मी उचलली आणि मोरपिशी साडीच्या वर ठेवली. किंकाळीत तोंड उभं उघडतं, हसण्यात आडवं, एवढाच फरक. मी उंची कमी करत गेलो. पन्नास टक्के कमी केली तरी ती ओरडत होती. सत्तरला पोटात कळ आल्यासारखी दिसायला लागली. साठला थांबलो. साठला ती हसत होती. अगदी मनापासून.

“अगंबाई,” आई मागून म्हणाली. “किती गोड हसतीय. कधी काढला होतास रे हा?”

“वेगवेगळ्या दिवशी,” मी म्हणालो.

अक्का गालाला बर्फ धरून दारात येऊन उभी राहिली होती. तिने कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. मग फोनवर लिहून फोन माझ्यापुढे धरला. *हे तोंड कुठलं?*

“तुझंच. किंकाळीवालं. साठ टक्के कमी केलंय.”

तिने फोन परत घेतला. काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. *बरं.* आणि आत गेली.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून छापून आणला. स्टुडिओवाला म्हणाला, मुलगी फोटोला सरावलेली दिसते. चारला दहा कमी असताना बाळगोंडाकाकांनी अक्काला फाईलमध्ये घातलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पाचातली एक निवडली होती. आमची.

आईने देवापुढे साखर ठेवली. अण्णांनी पंपदुरुस्तीचं दुकान लवकर बंद केलं. अक्काचा गाल उतरायला लागला होता; पुढच्या रविवारसाठीची साडी तिने त्याच दिवशी काढून इस्त्री केली, आणि शनिवारी परत केली.

रविवारी दुपारी तीन वाजता ते आले. भरतेश, त्याची आई आणि बाळगोंडाकाका. भरतेश उंच आणि थोडा वाकलेला, जणू कायम एखाद्या कॅनमध्ये डोकावत असल्यासारखा. आईने चहा दिला. त्याने कप नाकाशी नेला, वास घेतला आणि मग प्यायला.

“राग मानू नका,” त्याची आई म्हणाली. “घरी मी दिलेला चहासुद्धा असाच पितो. दिवसभर दुधात कोण काय घालतंय ते बघून बघून डोकं तसलंच झालंय त्याचं.”

“काय काय घालतात?” अण्णांनी विचारलं.

“पाणी घालणारा गरीब,” भरतेश म्हणाला. “साखर घालतात, मीठ घालतात, पीठ घालतात. एकानं तर कपड्याची पावडर घातली होती.”

“आणि कळतं?”

“यंत्रात कळतं. पण आधी नुसतं बघूनच काहीतरी वाटतं.”

मी पोह्यांची बशी दोन्ही हातांनी धरली.

अक्का आली. बसली. नाव, शिक्षण, काम, सगळं विचारून झालं. भरतेशच्या आईने पर्समधून फोटो काढला. घडी पडू नये म्हणून तिने तो पुठ्ठ्यात घातला होता.

“आमच्या घरात सगळ्यांना हा फोटो आवडला,” ती म्हणाली. “मी देवघराशेजारी लावून ठेवला होता चार दिवस. हसणंच असं आहे. मुली, अशी हास की जरा एकदा.”

अक्का हसली. म्हणजे तिने प्रयत्न केला. अक्का खरी हसते तेव्हा वरची हिरडी दिसते आणि नाक थोडं पसरतं. त्यात त्या दिवशी उजवी बाजू अजून जड होती.

भरतेशच्या आईने फोटोकडे बघितलं, मग अक्काकडे, मग परत फोटोकडे.

“दाढ काढलीय हो तिची,” आई घाईने म्हणाली.

“दाढ काढल्यावर हिरडी येत नाही,” भरतेशची आई म्हणाली. ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

भरतेशने तिच्या हातातून फोटो घेतला. उठला, खिडकीपाशी गेला आणि उजेडात तो तिरका धरला. मी त्याच्याकडे बघत होतो. असं बघताना मी आजवर कुणालाच बघितलं नव्हतं. माझं एक चित्र वीस हजार लोकांनी बघितलं होतं, पण असं नाही.

“याच्यात काहीतरी घातलंय,” तो म्हणाला.

बाळगोंडाकाका फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

“घरी पण मला वाटत होतं,” भरतेश म्हणाला. “सगळे म्हणत होते काय गोड हसते, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं माझंच डोकं तसलं.”

“अहो, हल्ली सगळे फोटो जरा गोरे-बिरे...” अण्णांनी सुरुवात केली.

“गोरेपणाचं नाही. हे तोंड.”

आता बोलायची पाळी माझी होती. मी बोललो नाही. मला दिसत होतं की मी बोललो तर स्थळ जाणार आणि नाही बोललो तरी जाणार, आणि अशा वेळी माणूस पोह्यांतली कोथिंबीर बाजूला करतो. मी ती करत होतो.

“हसणं नाही ते,” अक्का म्हणाली. “किंकाळी आहे.”

अक्काने पदर सारखा केला आणि पुढचंही सांगून टाकलं.

“माझा भाऊ भुताटकीची चित्रं करतो. मी त्याच्यासाठी मरते. पूर्ण फोटो माझा एकही नव्हता, म्हणून त्यानं तुकडे जोडून केला. हसू नव्हतं कुठंच. मग किंकाळी बारीक करून लावली.”

“साठ टक्के,” मी म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही.

“किंकाळी,” भरतेशची आई म्हणाली आणि फोटो ठेवला होता त्या पुठ्ठ्याकडे बघितलं. चार दिवस देवघराशेजारी होता तो.

“पण ही नाटकातली नाही,” भरतेश म्हणाला. त्याने फोटो अजून खाली ठेवला नव्हता. “ही खरी आहे.”

“खरी आहे,” अक्का म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत नव्हती. ओठ हलवून बोलत होती.

“मागच्या भाद्रपदात कुपवाडचे लोक बघून गेले होते. चांगले तीन वेळा आले. त्यांच्या आजीनं माझ्या हाताचं माप पण नेलं, बांगड्यांसाठी. त्या रविवारी सगळे बसदीत होते, अण्णांचा फोन घरी राहिला होता. मीच उचलला. नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, तसं काही नाही. फोन ठेवला आणि तशीच ह्याच्यापुढं येऊन बसले, कारण ह्यानं लाइट लावून ठेवले होते. आणि ते आलं.”

त्या संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं होतं की दुपारी कुपवाडहून फोन आला होता, नकार आहे. मी शेजारच्याच ताटावर होतो. आमटी वाढून घेत होतो. मग उठून मी जिन्याच्या अंधारावर काम करायला गेलो.

भरतेश माझ्याकडे वळला. “त्या वेळी तुम्ही काय म्हणालात हिला?”

त्याच्यापेक्षा मी सहा-सात वर्षांनी लहान, पण तो मला अहो-जाहो करत होता. त्यामुळे खोटं बोलणं आणखी अवघड झालं.

“भारी,” मी म्हणालो.

“आणि?”

“परत एकदा. तोंड अजून उघड.”

“मग?” हे त्याने अक्काला विचारलं.

“मग परत केलं,” अक्का म्हणाली. “तीनदा.”

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्याचा आवाज आला नाही. अण्णा जमिनीकडे बघत होते. बाळगोंडाकाकांनी फाईल बंद करून तिचं बटण लावलं. त्यांचा हिशेब झाला होता, आपला थांबा आला.

भरतेशने फोटो टीपॉयवर ठेवला. मग बराच वेळ घसा खाकरला.

“माझ्या फोटोतला कोट माझा नाही,” तो म्हणाला.

“अरे गप,” त्याची आई म्हणाली.

“नाही, सांगतो. मी शर्टावर गेलो होतो. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरातून घातला. मला कोटच नाही. मी कधी घातलाच नाही.”

“तो कोट मला माहीत हाय,” बाळगोंडाकाका जड आवाजात म्हणाले. “निळा. माझ्या फाईलीत चाळीस पोरांच्या अंगात हाय. मी कधी कुणाला बोललो नाही.”

“आणि उंची?” अण्णांनी विचारलं.

“उंची माझी आहे.”

अक्का हसली. हिरडी दिसली, नाक पसरलं, उजवी बाजू मागे राहिली, आणि तिने दुखलं म्हणून गालाला हात लावला. माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. मी तो खिशातच ठेवला.

भरतेशची आई उठून अक्काच्या शेजारी येऊन बसली. तिचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, जणू तीही बांगडीचं माप घेणार होती. पण तिने नुसता धरून ठेवला.

“बाई, तू फार ऐकतेस लोकांचं,” ती म्हणाली. “तीनदा कशाला करायचं? आमच्याकडे एवढं ऐकायचं नाही हं.”

आमच्याकडे, ती म्हणाली. आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग बाळगोंडाकाकांनी फाईलचं बटण परत उघडलं आणि अक्काचं नाव लिहिलेला कागद काढून त्याचे दोन तुकडे केले. जमलेल्या स्थळांचे कागद ते तसेच फाडायचे.

ते गेले तेव्हा पाच वाजले होते. आई आत स्वयंपाकाला लागली, दिवस असेपर्यंत जेवण व्हायला हवं होतं. मी खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलो होतो आणि काहीच करत नव्हतो. अक्का आली आणि माझ्या मागे उभी राहिली.

“सांगितलं का नाहीस तेव्हा?” मी विचारलं.

“जेवताना सांगितलं की.”

“तसं नाही. त्या वेळी. लाइटपुढं.”

“तू एवढा खूश झाला होतास,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ती काढून टाक.”

मी काढून टाकली. कॉम्प्युटरातून काढली, इन्स्टावरून काढली, मोरपिशी साडीवरची पण काढली. ती मागे उभी राहून प्रत्येक वेळी ‘कायमची पुसायची काय?’ हा प्रश्न वाचत होती, आणि मी ‘हो’ दाबत होतो.

“झाली?”

“इथली झाली.”

“म्हणजे?”

मग मला ते सांगावं लागलं. ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. अभिमान वाटत होता, पण सांगायचं कसं ते कळत नव्हतं. ब्राझीलमधल्या एका माणसाला ते चित्र इतकं आवडलं होतं की त्याने ते पाठीवर गोंदवून घेतलं होतं. पूर्ण पाठीवर. मला फोटो पाठवला होता. तो तिथं एका बेकरीत कामाला होता आणि त्याचं नाव वाग्नेर होतं.

“दाखव,” अक्का म्हणाली.

मी दाखवला. बेकरीवाल्याची रुंद पाठ, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत आमचा जिना, जिन्याचा अंधार आणि कुपवाडचा फोन ठेवून आलेली माझी बहीण. काढणाऱ्याने मेहनत घेतली होती. तिच्या भुवयांमधला तीळसुद्धा होता, जो मी चौगुल्यांच्या फोटोत पुसला होता.

अक्का खुर्ची ओढून बसली. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मान, केस, डोळे, तोंड. बराच वेळ ती तोंडापाशी थांबली.

“हे पुसता येत नाही?”

“नाही.”

“त्याला विचार,” ती म्हणाली, “दुखलं काय.”

मी भाषांतराच्या ॲपमध्ये लिहिलं आणि पाठवलं. तिथे सकाळ होती. उत्तर लगेच आलं. वाग्नेरने लिहिलं होतं की खूप दुखलं. दोन बैठका, सात तास. अंधार सोपा गेला. तोंडाच्या जागी हाड येतं, तिथे सगळ्यात जास्त. तिथे तो रडला होता, आणि काढणाऱ्याला मध्ये थांबावं लागलं होतं.

अक्काने ते दोनदा वाचलं.

“मग असू दे,” ती म्हणाली, आणि जेवायला गेली.